नव्या विंडोजवर चालणारं कार्ड

"नव्या विंडोजवर चालेल का, तेवढं सांग," म्हातारबाबा काउंटरवर कोपर टेकून म्हणाले. हाच प्रश्न ते तिसऱ्यांदा विचारत होते.

काउंटरमागच्या यूचेंगने मान वर करून त्यांना आता नीट न्याहाळलं. पासष्टीचे, सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पेनं पाहिली आणि तो सावरून उभा राहिला.

त्याला कारणही तसंच होतं. येत्या रविवारी तो सूवनच्या घरी, जूतुंगला, पहिल्यांदाच जेवायला जाणार होता आणि लग्नाचं हो-नाही तिथंच ठरणार होतं. सूवनने त्याला आधीच बजावून ठेवलं होतं.

"मुलगा घरी यायच्या आधी बाबा स्वतः जाऊन त्याला बघून येतात. ओळख न देता. आमच्याकडे पणजोबांपासून हे असंच. मागच्या वेळचा मोबाइलच्या दुकानात होता. बाबांनी तिथे एक चार्जर घेतला, घरी आले आणि म्हणाले, हा नको."

"का?"

"खोटं बोलला म्हणे. त्यांना तेवढं एकच चालत नाही."

यूचेंगने फोटो मागितला होता. पण घरातले सगळे फोटो बाबाच काढायचे, त्यामुळे ते स्वतः एकाही फोटोत नव्हते. घरात हक्का भाषा बोलणारं कुटुंब आणि तंत्रशाळेतले निवृत्त मास्तर, एवढीच माहिती हाती लागली. तेव्हापासून दुकानात साठीचा कोणी शिरला की यूचेंगला घाम फुटायचा. सेलोटेप घ्यायला आलेल्या एकाला तर त्याने खुर्ची देऊन चहाही पाजला होता.

पण हे म्हातारबाबा वेगळेच होते. तैपेईच्या कॉम्प्युटर बाजारात अशी शंभर दुकानं असताना ते नेमके याच दुकानात आले होते. कॉम्प्युटरवर टीव्ही बघता यावा आणि रेकॉर्डही करता यावा, असं कार्ड त्यांना हवं होतं. अँटेना कुठे लावायचा, आवाज मागे पडतो का, पुढच्या वर्षी विंडोज पुन्हा बदलली तर काय, असं खोदून खोदून ते विचारत होते. कार्ड घ्यायला आलेला माणूस इतका वेळ काउंटरपेक्षा काउंटरमागच्या पोराकडे कशाला बघेल, हे यूचेंगला कळेना.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते अस्सल हक्कामध्ये बोलू लागले. सूवनमुळे यूचेंगला ती थोडीफार कळायची. शेवटी ते हसून म्हणाले, "हो, मुलगा बरा वाटतोय."

यूचेंगच्या मनातली उरलीसुरली शंका फिटली. त्याने मालक गल्ल्याशी गुंतलेत हे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काका, खरं सांगतो. पुढे मांडलेले हे डबे घेऊ नका. यांचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, फक्त जुन्या विंडोजचा आहे. कंपनीने नवा काढलाच नाही आणि आता काढणारही नाही. मालकांना माल संपवायचाय, म्हणून पुढे ठेवलेत."

"मग मला कुठलं देतोस?"

यूचेंगने मागच्या फडताळातून दुसरं कार्ड काढलं, दुकानाच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि कंपनीच्या पानावरून ताजा ड्रायव्हर उतरवून घेतला. चित्र आलं. त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तरी आलं. म्हातारबाबांनी आणखी एकदा बंद करायला लावला. त्याने तेही हसत हसत केलं. लग्नासाठी माणूस काय काय करत नाही!

मधेच एक गिऱ्हाईक आलं. पायात निळ्या-पांढऱ्या रबरी चपला, हातात भाजीची पिशवी. त्याने पुढचाच एक डबा उचलला, चारही बाजूंनी सावकाश वाचला आणि विचारलं, "हे नव्या विंडोजवर चालतं का?"

"चालेल, काका," यूचेंग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"बायकोची मालिका दुपारी असते. ती तेव्हा ठेल्यावर असते. घरी कोणी नसताना रेकॉर्ड होईल?"

"होईल, होईल." मालक ऐकत होते, आणि असल्या बारा डब्यांपैकी आज एक तरी गेला तर त्यांची भुणभुण थांबणार होती.

त्या माणसाने पावती मागून घेतली, वाचली, चार घड्या घालून खिशात टाकली आणि तो गेला. म्हातारबाबा मात्र आणखी अर्धा तास बसले. अखेर कार्ड घेऊन निघताना त्यांनी यूचेंगचा खांदा थोपटला. त्या रात्री त्याला पडल्या पडल्या झोप लागली.

रविवारी तो अननसाच्या केकचा डबा घेऊन जूतुंगला पोचला. दार सूवननेच उघडलं. ती जरा वैतागलेली दिसली.

"ये. बाबा आतल्या खोलीत आहेत. चार दिवस झाले, कॉम्प्युटर उघडून बसलेत. नवीन कार्ड आणलंय, ते काही केल्या चालत नाहीये."

यूचेंगला मनातून आनंदच झाला. त्याने स्वतः तीन वेळा तपासून दिलेलं कार्ड होतं ते. एखादी वायर सैल असणार. सासऱ्यांसमोर हुशारी दाखवायची याहून चांगली संधी कुठली? बाह्या सरसावत तो आत गेला.

टेबलाखाली कोणीतरी ओणवं होऊन तारा चाचपत होतं. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"काका, तुम्ही उठा, मी बघतो," यूचेंग खाली वाकत म्हणाला. "कार्ड चांगलं आहे, मी स्वतः निवडून दिलंय."

टेबलाखालून एक हात बाहेर आला. हातात चार घड्या घातलेली पावती होती. यूचेंगची नजर पायांवर गेली. पायात निळ्या-पांढऱ्या रबरी चपला होत्या.

"निवडून कुठे?" आतून शांत आवाज आला. "तू तर वरही बघितलं नव्हतंस."