रांगेतला शेवटचा

"कासवा, आहेस का रे?"

डोंगरवाटेच्या पहिल्या वळणावर सुहृदने सवयीने मागे हाक दिली आणि जीभ चावली. निनाद, आमचा कासव, रांगेत शेवटी चाले; "आहे, चला पुढे!" हे त्याचे उत्तर आल्याशिवाय आमचे पाऊल उचलत नसे. श्रावणात तो तापाने गेला; आम्ही चौघे उरलो.

हिवाळ्याच्या पहिल्या दवाने कारवीची झुडपे भिजली होती. कोणी मागे पाहीना, कोणी रडेना. बोटे थंडीने बधिर झाली होती, मन श्रावणापासूनच.

"परत फिरायचं?" सुहृदने विचारले.

मी बाजूला सरकलो, तिघांना पुढे जाऊ दिले आणि शेवटी उभा राहिलो.

"आहे, चला पुढे."

रांग हलली. तीन पाठी डोंगर चढू लागल्या. इतकी वर्षे निनादला प्रत्येक शिखर आमच्या पाठींआडून दिसत आले होते.