टाकीतला ठोका

दारूबंदीत बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यातल्या जुन्या कामगारांच्या आठवणी मी टेपवर घेत होतो. एकाहत्तर साल होतं. मळवलीत शिदूआबांच्या ओट्यावर दुपारचे आम्ही दोघंच बसलो होतो. आबा त्या कारखान्यात टाक्या धुवायचे.

"टाकीत एकानंच उतरायचं," आबा म्हणाले. "तळाला ग्यास असायचा. त्येला वास न्हाई, रंग न्हाई. मानूस कवा गुंगला त्येचं त्येलाबी कळायचं न्हाई. म्हणून उतरलेल्यानं सारखं पत्र्यावर ठोकत ऱ्हायाचं. ठोका थांबला की वरच्यांनी वढून काढायचं."

आवाज नीट आलाय का बघायला मी टेप मागे नेऊन लावली. आबांची उत्तरं स्वच्छ होती. माझे प्रश्न मात्र कुठंच नव्हते. त्यांच्या जागी नुसतं ठक, ठक, ठक.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

"मशीन बिघडलं वाटतं," मी म्हणालो.

आबा डोळे मिटून ऐकत होते. "बिघडू द्या. तुमी बोलत ऱ्हावा. थांबू नगा."

पुढचा प्रश्न मला आठवेना. मी गप्प झालो.

आबा ताडकन उठले, माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि वर बघून ओरडले, "वढा!"

त्यांचे हात मला जाणवत नव्हते.