खाली ठेवा

“ठेवा बाळाला खाली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सतरंजी समोरच अंथरलेली होती. पण गुंड्याला कडेवर घेतलेली त्याची आई जागची हलली नाही. बाप, म्हणजे टेलरमास्तर, गुडघ्यांवर बसले आणि तळहाताने सतरंजी चाचपू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुमडलेल्या कडाही उलटून पाहिल्या.

“काही पडलंय का तुमचं?”

“नाही, टाचण्या बघतोय.”

“इथे कुठून येणार टाचण्या?”

मास्तर ओशाळले. बायको मदतीला धावली. “घरातच दुकान आहे ना, मॅडम. एकच खोली, त्यात दोन मशिनं. कितीही झाडा, सुया-टाचण्या निघतातच. यांच्याच टाचेत एक मोडली होती. म्हणून गुंड्याला आम्ही खाली टेकवतच नाही. माझ्या मांडीवर, नाहीतर यांच्या. सासूबाई आल्या की त्यांच्या कडेवर.” हे ती तोऱ्यात सांगत होती. पोराला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता तिने.

पुढच्याच वाक्याला तोरा उतरला. “पण नणंदेची मुलगी याच्याच वयाची, घरभर रांगते. आणि हा नऊ महिन्यांचा झाला तरी ढिम्म! नणंद म्हणते, पायात जोर नाही, दाखवून घ्या.”

तेव्हापासून दोघांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मास्तरांनी तर एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी गुंड्याला घेतलं. परका चेहरा बघताच त्याने भोकाड पसरलं आणि आईकडे हात केले. “छान. माणसं ओळखतोय.” त्यांनी लाकडी ठोकळा पुढे धरला. रडता रडताच त्याने तो ओढला, या हातातून त्या हातात घेतला आणि तोंडात घातला. मग काखेत धरून त्यांनी त्याला टेबलावर उभं केलं, तर पठ्ठ्या पाय रोवून नाचायलाच लागला.

“याच्या पायात जोर नाही म्हणे! ठणठणीत आहे हो. पोराला रांगायला जमीन लागते. ती तुम्ही दिलीत कुठे?”

“म्हणजे... आमचंच चुकलं?”

“तुमचंच. खोलीचा एक कोपरा फळी लावून वेगळा करा, तिथे शिवणकाम न्यायचं नाही.”

“चुकलं ना? बरं झालं बाई!” ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मास्तर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

गुंड्याला सतरंजीवर पालथं घातलं. आई समोरच्या टोकाला बसली, हात पसरले. “ये रे राजा, ये.”

गुंड्याने मान वर काढली. दोन्ही तळवे टेकले, तोंड लाल करून सगळा जोर लावला आणि सरकला तो मागे. पुन्हा जोर लावला, पुन्हा मागे. आईकडे जायचं होतं आणि आई लांब लांब चालली होती. तो तिच्यावरच भयंकर चिडला.

“आधी काही पोरं अशीच मागे जातात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उचलू नका.”

“अगं, पण हा लांब चाललाय तुझ्यापासून!” मास्तर ओरडले.

तिने पसरलेले हात मागे घेतले आणि मांडीखाली दाबून धरले.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “जाऊ दे त्याला.”