सोमवारचं शून्य

"सही करा काका, आणि सगळ्यांचा जीव सुटू द्या," चिठ्ठीबाई म्हणाली.

अधीक्षकांच्या टेबलावर राजीनाम्याचा कागद होता. समोर नोंदीवाले काका किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले होते. एकतीस वर्षं रुग्णांचे कागद त्यांच्या ताब्यात. आधी नुसते कपाटात, आता संगणकातही. मागच्या आठवड्यात क्षयाच्या वॉर्डाची यादी नावापत्त्यासकट गावभर मोबाइलवर फिरली. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा बाप काल याच दाराशी उभा राहून रडला. ते रडणं काही केल्या चिठ्ठीबाईच्या कानातून जात नव्हतं.

"मी यादी कुणालाही दिली नाही," काका म्हणाले.

"मग तिला काय पाय फुटले?"

"ते मला कसं ठाऊक असणार, बाई?"

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, शेवटचं विचारतो. बाहेरून कुणी शिरलं असण्याची शक्यता?"

चिठ्ठीबाईने फाइल पुढे सरकवली. रुग्णालयातल्या संगणकांचं सगळं जाळं तीच सांभाळायची. प्रत्येक वायरीला पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर काम आणि तारीख, टपोऱ्या अक्षरात. कुणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव तिला आता आवडायला लागलं होतं. तळमजल्यावरच्या खोलीत तिची पहारेकरी पेटी होती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची ही पेटी झडती घ्यायची आणि घुसखोर दिसला की उंबऱ्यावरच अडवायची. किती अडवले, तो आकडा दर सोमवारी चिठ्ठीबाईच्या पडद्यावर यायचा.

"पूर्वी आठवड्याला दोन-दोनशे धडका बसायच्या," ती म्हणाली. "आता ही तीन वर्षं बघा. शून्य, शून्य, शून्य. चोरांनीसुद्धा नाद सोडला!"

"तुमच्याबद्दल शंकाच नाही हो," अधीक्षक म्हणाले. "त्या दिवशी पेटी बिघडली, टेबलावर पेशंट, आणि एक्स-रे काही वर पोचेनात. वीस मिनिटांत रस्ता मोकळा करून दिलात. मी विसरलेलो नाही."

"मग झालं तर. बाहेरून कुणी आलं नाही, म्हणजे काम आतल्याचंच. आणि यादी उघडायचा अधिकार एकट्या काकांना." तिचा आवाज कधी चढत नसे, आज चढला. "देवापुढे उभं राहताना लाज नाही वाटत, काका? एका लेकीचं आयुष्य उधळलंत तुम्ही!"

काकांनी पेन उचललं. सही मात्र केली नाही.

"बाई, तुमची पेटी काम करतेय हे तुम्हाला सांगतं कोण?"

"तिचा हिरवा दिवा. तीन वर्षं अखंड जळतोय."

"माझ्या कपाटांना दिवे नाहीत. मी आपलं कुलूप लावतो आणि ओढून बघतो. रोज. माझी बायको हसते मला."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते चिठ्ठीबाईला तेव्हा कळलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

"ओढूनच बघायचंय ना? चला. साहेब, आत्ता एखादी शस्त्रक्रिया चालू आहे का?"

"नाही. दुपारनंतर आहे."

"मग तुम्हीही चला. साक्षीला."

तळमजल्यावरची खोली थंड होती आणि पंख्यांच्या घरघरीने भरलेली. लोखंडी मांडणीत, कमरेच्या उंचीवर, पेटी बसली होती. हिरवा दिवा लुकलुकत होता. शेजारी काचेपलीकडे एक्स-रेची मुलगी पडद्यावर वॉर्डांना फोटो पाठवत होती.

"नीट ऐका," चिठ्ठीबाई म्हणाली. "बाहेरची तार या पेटीच्या पोटात शिरते आणि पलीकडून रुग्णालयात जाते. दुसरी वाट नाही; एक्स-रेसुद्धा बाहेरच्या साठवणीत जाऊन याच वाटेने वॉर्डांत येतात. मी हिचा प्लग काढला की वाट बंद. पडदे गोठतील आणि तो भिंतीवरचा फोन बोंबलायला लागेल. मग वर जाऊन सही करायची. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले.

तिने प्लग खेचला. हिरवा दिवा विझला.

तिघेही फोनकडे बघत राहिले.

एक मिनिट गेलं. काचेपलीकडच्या मुलीने एक फोटो पाठवला, मग दुसरा. मान वर करून ती यांच्याकडे बघून हसली आणि तिने तिसरा पाठवला.

"फोन बिघडलाय वाटतं," अधीक्षक म्हणाले.

चिठ्ठीबाईने फोन उचलून कानाला लावला. नीट चालू होता. तिने तो जागेवर ठेवला, पण पहिल्यांदा तो आकड्यावर बसलाच नाही.

"असं होणारच नाही," ती म्हणाली. "कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय. माझ्या खोलीत! माझ्या परवानगीशिवाय!"

ती मांडणीच्या मागच्या बाजूला गेली. तिथे हात जेमतेम शिरत होता. भिंतीतून आलेली बाहेरची तार तिने बोटांत धरली आणि धरूनच पुढे पुढे गेली. तार पेटीच्या पाठीशी आली. पेटीला न शिवता तिच्यावरून गेली आणि सरळ रुग्णालयाच्या तारेला जाऊन मिळाली. पेटीची दोन्ही तोंडं रिकामी होती आणि त्यांत धूळ साचली होती.

"कोण आहे हा हलकट?" चिठ्ठीबाई म्हणाली. "काका, तुमची नजर बारीक आहे. त्या सांध्यावर काहीतरी चिकटवलंय. बघा काय ते."

काका वाकले. दुसऱ्यांची अक्षरं लावण्यातच त्यांची हयात गेली होती. हे मात्र लावावं लागलं नाही, चांगलं टपोरं होतं. त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवरची धूळ अंगठ्याने पुसली, तीन वर्षांपूर्वीची तारीख वाचली आणि मग आवाज न चढवता खालची ओळ वाचली.

"‘एक्स-रेसाठी तात्पुरती जोडणी. उद्या सकाळी आठवणीने काढणे.’"