ऑर्डर कुणाची?

"आधी तो फोन स्पीकरवर टाका," मियावाकीबाई म्हणाल्या. "तुम्ही भोळ्या. ते काहीतरी गोडगोड बोलतील आणि तुम्ही हो हो म्हणत बसाल."

हिसाए कुरामोतोने मुकाट्याने बटण दाबलं. ग्राहक सेवेची ती एकच एक धून स्वयंपाकघरभर वाजू लागली. मियावाकीबाई शेजारच्या. यंदा गल्लीचं प्रमुखपद त्यांच्याकडे होतं. घरोघर सूचनांची फिरती पाटी पोचवताना त्या हिसाएच्या दारात आल्या, आणि पाटीवर नेमकी फसवणुकीपासून सावध राहण्याची पोलिसांची सूचना होती. हिसाए सहज बोलून गेली, की सकाळी आपल्यालाही एक मेल आलाय. ऑनलाइन दुकानातल्या तिच्या खात्यावरून कुणीतरी साडेसहा हजार येनची ऑर्डर दिली होती. तिने तर काहीच मागवलं नव्हतं. एवढं ऐकल्यावर मियावाकीबाई कसल्या जातात! चपला काढून त्या थेट आत आल्या.

"त्या मेलमध्ये कुठे काही दाबलं नाहीत ना?"

"नाही."

"शहाण्या आहात. आमच्या वहिनींना 'आई, मी बोलतोय' म्हणून फोन आला आणि बाई बँकेत धावत सुटल्या. मुलगा शेजारच्या खोलीत घोरत पडला होता! तुमचं तर काय, मुलगा तिकडे नागोयाला, तुम्ही इथे एकट्या. अशीच घरं हेरून ठेवतात मेले."

हिसाएने मान हलवली. लोकांना सांगायला तिने रचलेला हा नागोयाचा मुलगा तिच्या चांगलाच अंगवळणी पडला होता. आधी बाहेरगावचं वसतिगृह, मग मोटारींच्या सुट्या भागांची कंपनी, न मिळणारी रजा, वडील वारले तेव्हा नेमका परदेशी गेलेला. सगळं तिला पाठ होतं. खरा मुलगा, शुहेई, याच घरात वरच्या मजल्यावर होता. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी त्याने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं, ते लावलंच. ती दाराशी जेवणाचं ताट ठेवायची आणि रिकामं उचलून आणायची. सुरुवातीला तिथेच बसून रडायची. मग चिडायची, डॉक्टरांना बोलवायची, देवळात नवस बोलायची. बापाला शेवटचं बघायलाही तो खाली उतरला नाही, त्या दिवसापासून तिला काही वाटेनासंच झालं. राग नाही, दुःख नाही. आजचा मेल वाचूनही तिला काही वाटलं नव्हतं. वरच्या मजल्याचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. शुहेईने कधी काही मागितलंच नव्हतं, साधी मोज्यांची जोडीही नाही.

धून थांबली. एका तरुण मुलीचा आवाज आला. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं विचारून झालं.

"ऑर्डर तुमच्या नेहमीच्या टॅबवरूनच गेलेली दिसतेय, मॅडम. घरात आणखी कोणी राहतं का?"

टॅब तिथेच टेबलावर होता. दिवसा, आणि रात्री ती झोपल्यावरही, तिथेच असायचा.

"नाही," हिसाए म्हणाली. "मुलगा असतो नागोयाला."

"ऐकलंत ना?" मियावाकीबाई फोनवर वाकून ओरडल्या. "बाई एकटी राहते! चोर टॅबमध्ये घुसलेत. बंद करून टाका ते खातं!"

"करते, मॅडम. खात्रीसाठी एकदा वस्तू सांगते. चालायचे बूट, पुरुषांचे. रंग काळा, माप साडेसत्तावीस सेंटिमीटर. पार्सल दाराबाहेर ठेवायला सांगितलंय. रद्द करू?"

"बूट!" मियावाकीबाईंना हसू फुटलं. "एकट्या बाईच्या घरी पुरुषाचे बूट! या चोराला अक्कल तरी आहे का?"

हिसाए हसली नाही. घरात पुरुषाचे बूट नव्हतेच. नवऱ्याचे तिने कुणाला तरी देऊन टाकले होते. शुहेईचे शाळेचे बूट बरेच दिवस दाराशी होते. जो घराबाहेर पडत नाही त्याला बूट कशाला, म्हणून एक दिवस तेही कचऱ्यात गेले. ते साडेपंचवीस मापाचे होते. दुकानात त्याचा अंगठा दाबून बघून तिनेच घेतले होते. आणि आता साडेसत्तावीस. वर बंद दारामागे पोराचे पाय वाढले होते आणि आईला पत्ता नव्हता.

"मॅडम? रद्द करू ना?"

कितीतरी वर्षांनी तिला भीती वाटली. ही मुलगी आता एक बटण दाबेल आणि सगळं संपेल, अशी भीती.

"नको," ती म्हणाली. "थांबा."

"अहो, थांबा काय?" मियावाकीबाईंनी तिचा दंड धरला. "डोकं फिरलंय का तुमचं?"

हिसाएने त्यांच्याकडे पाहिलं. आता आपल्या तोंडून जे निघेल ते संध्याकाळच्या आत गल्लीभर होणार, हे तिला ठाऊक होतं. उद्यापासून येणारेजाणारे मान वर करून शुहेईच्या खिडकीकडे बघतील. इतकी वर्षं ती याच गोष्टीला भ्यायली होती.

"मॅडम, तुम्ही दिली नाहीत, घरात दुसरं कोणी नाही," फोनवरची मुलगी गोंधळून गेली. "मग ही ऑर्डर कुणाची म्हणून लिहू?"

"माझ्या मुलाची," हिसाए म्हणाली. "तो नागोयाला नाही. इथेच असतो, वरच्या खोलीत. बूट लवकर पाठव, बाळ. त्याला बाहेर जायचंय."