दराची चौकशी

“एका रोलचे किती? धुऊन, प्रिंटसकट.”

काउंटरवरच्या माणसाने आकडा सांगितला. काकूंनी पुन्हा विचारलं. आकडा तोच राहिला.

“अहो, फोटो धुवायचेत, सोन्यात मढवायचे नाहीत,” त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

सोमवार सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. पहिल्या, ओळखीच्या दुकानात रोल धुणं गेल्याच महिन्यात बंद झालं होतं. दुसरा सगळं काम बाहेरगावी पाठवत होता आणि वर महिनाभर थांबा म्हणत होता.

ही पायपीट काकूंना नवी नव्हती. त्यांच्या घरात मागच्या खोलीत काकांची डार्करूम होती. काकांनी चाळीस वर्षं एका स्टुडिओत काढली, आणि स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथलं सामान उचलून घरी आणलं. त्यांचा दर दहा वर्षांत हललेला नव्हता. दर दोन-तीन महिन्यांनी ते काकूंना पिटाळत.

“बघून ये जरा बाजारात काय चाललंय. माझ्यापेक्षा स्वस्त आणि चांगलं कुणी करत असेल, तर दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावतो.”

त्या कुलपाची काकूंना धास्ती होती. मागे एकदा खोलीत ओल आली आणि काम महिनाभर थांबलं. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायलासुद्धा हाताला धरून उठवावं लागे. तसा महिना पुन्हा काढायची काकूंची छाती नव्हती.

चौथं दुकान एका जिन्याखाली होतं. आतल्या माणसाची नखं औषधांनी पिवळी पडलेली. ती नखं बघून काकूंना बरं वाटलं. दर ऐकून आणखी बरं वाटलं. काकांच्या दरापेक्षा जास्तच होता, पण निदान माणसाच्या तोंडी शोभणारा होता.

“फिक्सरचं औषध ताजं असतं ना? की आठवडाभर तेच?”

माणसाने चष्मा वर केला. “घरात कुणी या धंद्यातलं दिसतंय.”

“यजमान.”

“मग इकडे कशा?”

“चौकशीला काय जातंय?” म्हणत काकूंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. बऱ्याच वेळाने उठल्या.

घरी काका दारातच उभे होते. “काय म्हणतो बाजार?”

“लूट चाललीय नुसती. तुमच्या दराच्या आसपाससुद्धा कुणी नाही.”

“आणि काम?”

“तुमच्यासारखं काम आता कुणाला येतंय!”

काका खूश झाले आणि ते लपवायला खाकरले.

आदल्या दिवशी एक मुलगी रोल देऊन गेली होती. वडील गेल्यावर त्यांच्या कॅमेऱ्यात सापडलेला. “एकच आहे, काका,” ती दोनदा म्हणाली होती. तो बिघडला असता तर दुसरा कुठून आणणार होती ती? काका तेव्हापासून अस्वस्थ होते. असला रोल म्हणजे जोखीम.

“दे तो. आजच करतो.”

काकूंनी डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिनसल्यापासून काकांना माणसं आकारावरून कळत, चेहऱ्यावरून नाही. “अंधारात कुणालाच दिसत नाही,” ते म्हणत, “मग माझंच काय अडलंय?” यंत्रावर त्यांनी खाचा पाडून घेतल्या होत्या. बाकीचं बोटं आणि आकडे बघून घेत.

दार लागलं. काकू बाहेर पाटावर भाजी निवडत बसल्या. आतून काकांचं मोजणं ऐकू येत होतं. शंभरापर्यंत, मग पुन्हा एकपासून.

“हल्ली फिल्म फार मऊ येते गं,” मधेच ते ओरडले. “पूर्वीसारखा माल राहिला नाही.”

“कशातच राहिला नाही,” काकू म्हणाल्या.

ओले प्रिंट काकूंच्या हाती आले. वाळवायचं आणि पाकिटात भरायचं काम पहिल्यापासून त्यांचंच.

गुरुवारी मुलगी आली. तिने दारातच पाकीट उघडलं. पहिल्या फोटोत ती स्वतः झोपलेली, तोंड उघडं टाकून. दुसऱ्यात खिडकीतली कुंडी. तिसऱ्यात आरशासमोर वडील, कॅमेरा छातीशी धरून, कुणीतरी पकडल्यासारखे हसताना.

ती रडायला लागली. “असे हसायचे ते. मी विसरायलाच लागले होते.”

काका पुढे झुकले. “चेहरा नीट आलाय ना?”

“पापणी न् पापणी दिसतेय, काका. त्या मोठ्या दुकानात दिला असता तर असा आला नसता.”

काकांची पाठ ताठ झाली. ती जाईपर्यंत ते दारात उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, “हात अजून गेलेला नाही माझा.” आणि जरा पडायला म्हणून आतल्या खोलीत गेले. पाचच मिनिटांत घोरू लागले.

काकू डार्करूममध्ये गेल्या. मोरीत ठेवलेल्या बादलीतले सोमवारचे प्रिंट, सगळेच्या सगळे काळेकुट्ट, त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले. जिन्याखालच्या दुकानाची पावती फाडून त्यातच कोंबली. मग दोरीवर वाळत घातलेली ती कोरी फिल्म उतरवली, तिची धूळ पदराने हलकेच पुसली आणि, गेली दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकानंतर गुंडाळत होत्या तशीच, पुन्हा त्याच डबीत गुंडाळून ठेवली.