तिसरी हाक

"शिवरामऽ!"

धुक्यातून हाक आली आणि पठारावर पुढे निघून आलेला तो जागीच थबकला. आवाज मागे राहिलेल्या बायकोचाच होता. पण उखाण्याशिवाय तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. कायम आपलं "अहो".

हा नक्कीच चकवा! रानात नावानं हाक आली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, असं आई बजावायची.

"शिवरामऽ!" आता हाक काकुळतीची होती. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि तिसरीची वाट पाहिली.

ती आलीच नाही. वाऱ्यानं धुकं फाटलं, लख्ख ऊन पडलं. कड्याच्या टोकाशी तिची काठी तेवढी पडली होती.

"सगुणाऽ!" तिसरी हाक अखेर त्यानंच मारली.

ओ आली नाही.